स्टुलाखालची पाटी

सोपानभाऊ,

तुमचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी वैशालीने दुकान उघडलं. मला वाटलं होतं, महिनाभर तरी शटर खाली राहील. पण बाजाराच्या दिवशी कामशेतात दुकान बंद ठेवलं तर आबा वरून शिव्या घालतील, असं तिचं म्हणणं. मी पोचलो तेव्हा ती झाडून घेत होती. मी सवयीने माझ्या स्टुलाकडे वळलो, तर म्हणाली, "काका, थांबा. बसू नका." तिने स्टूल उचललं आणि उलटं करून तुमच्या कामाच्या टेबलावर ठेवलं.

त्याच्याखाली काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. अकरा वर्षं ते फक्त तुम्हा बापलेकीला माहीत होतं. मला त्या सकाळी कळलं, आणि तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात इतका बोलतो आहे की घरचे काळजीने बघायला लागले आहेत. म्हणून लिहून काढतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सायब, लांबन लावू नका, मुद्द्यावर या." या वेळी लावणार. तुम्ही अडवू शकत नाही.

आपली ओळख भांडणानेच झाली. मी तालुक्याच्या एका सहकारी बँकेत तपासणीच्या कामाला होतो. कर्ज काढून कुणी यंत्र घेतलं की ते यंत्र त्याच्याच ताब्यात राहतं, तो ते वापरतो, पण त्यावर बोजा बँकेचा असतो. आमच्या भाषेत नजरगहाण. यंत्र जागेवर आहे ना, त्यावरच्या कंपनीच्या पाटीवरचा नंबर कागदातल्या नंबराशी जुळतो ना, एवढंच बघायला मी वर्षातून एकदा जायचो. कृष्णाआबांच्या भातगिरणीत गेलो तेव्हा मोटर जोरात चालू होती, पण पाटीच्या जागी नुसती चार भोकं. मी विचारलं, तर कृष्णाआबा भुसा झटकत म्हणाले, ती कामशेतात सोपानभाऊच्या भिंतीवर हाय, दुरुस्तीचं पैसं दिलं की येईल.

मी तडक तुमच्याकडे आलो. चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधून तुम्ही जळालेल्या मोटरची कॉइल नव्याने गुंडाळत बसला होता. मागची अख्खी भिंत पाट्यांनी भरलेली. पितळेच्या, ॲल्युमिनियमच्या, पत्र्याच्या. पाणी उपसायच्या मोटरींच्या, गिरण्यांच्या, कडबाकुट्टीच्या. प्रत्येक पाटीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव आणि केलेलं काम. मी आवाज चढवून सांगितलं की ती मोटर बँकेकडे तारण आहे, तिची पाटी काढायचा तुम्हाला काही अधिकार नाही.

तुम्ही मान वर न करता विचारलं, "मोटर बँकेची. आत भरलेली तार कुनाची?"

 कायद्याचं उत्तर मला येत होतं, पण ते तुमच्या बाजूचं होतं. वस्तूवर ज्याने हात चालवला, कसब लावलं, त्याला त्याची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू धरून ठेवायचा हक्क असतो. नजरगहाण असलेल्या बँकेलाही कारागिराला डावलून ती वस्तू उचलून नेणं सोपं नसतं. मी खुर्चीवर बसलो आणि इमानदारीने हे सगळं तुम्हाला सांगितलं. या हक्काला धारणाधिकार म्हणतात, असंही सांगितलं. तो शब्द तुम्हाला इतका आवडला की माझ्याकडून तो तीनदा वदवून घेतलात, आणि तेवढ्यात कुणी पंप घेऊन आला त्याला म्हणालात, "बस हितं. माज्याकडं धारणाधिकार हाय."

पण मी पुढचंही सांगितलं. हा हक्क वस्तू हातात आहे तोवरच. वस्तू एकदा दाराबाहेर गेली की हक्क गेला. पाटी म्हणजे मोटर नव्हे. मोटर अडवून ठेवली असती तर तुमची बाजू पक्की होती. मोटर सोडून पाटी ठेवली, म्हणजे कायद्याने तुमच्या हातात एक पत्र्याचा तुकडा आहे.

"सुगीत गिरनी बंद पाडू?" तुम्ही विचारलं होतं. "नवं भात घिऊन बाया रांगेत उभ्या ऱ्हात्यात. त्यांच्या ताटात काय वाढू, धारणाधिकार?"

तिथून जो वाद सुरू झाला तो संपलाच नाही. दर गुरुवारी माझी पवनेकडची फेरी असायची. जाताना कामं, येताना तुमचं दुकान. चहा, भजी आणि वाद. मी म्हणायचो, पाटीला कायद्यात किंमत नाही. तुम्ही म्हणायचा, मग लोक पैसे आणून का देतात? लोक द्यायचे हे खरं होतं. पाटी नसलेली मोटर कुणी विकत घेत नाही, बँकवाला आला की अडतो, आणि मुख्य म्हणजे ती चार भोकं. गिरणीत दळायला येणारी प्रत्येक बाई ती बघायची. "त्याच्या मोटरला चार भोकं हायत" हे वाक्य नाणे मावळातून पवन मावळात जायला एक बाजार पुरायचा.

आणि तुमचे ते दाखले. लग्नात मेहुण्या नवरदेवाचे बूट लपवतात, तो दाखला तर तुम्ही मला शंभर वेळा दिला असेल. "नवरदेव कुटं पळाला? मांडवात हाय. तरी अडतो का न्हाई?" मी म्हणायचो, बुटाचा ताबा म्हणजे नवरदेवाचा ताबा नव्हे. तुम्ही म्हणायचा, "मग जाऊ द्या त्याला अनवानी." वैशाली तेव्हा कॉलेजात होती. ती वार्निशचा ब्रश बाजूला ठेवून हसायची, आणि मी हरलो असं दुकानापुरतं ठरून जायचं.

तुमच्या खंडेनवमीचीही मी चेष्टा करायचो, पण त्या दिवशी मी कधी चुकलो नाही. पक्कड, पाने, गुंडाळायचं यंत्र, सगळ्यांची पूजा. सगळ्या पाट्या चिंचेने घासून लख्ख करायच्या. मग त्यांतली एक पाटी तुम्ही निवडायचा आणि सोडून द्यायचा. ज्याचं खरंच जमत नाही त्याची. नारळ घेऊन स्वतः त्याच्या दारात जायचा, पाटी जागेवर लावायचा. तीन स्क्रू तुम्ही पिळायचा, चौथा त्याने. पैसे देऊन सोडवलेल्या पाटीलाही हाच नेम. मी म्हणालो, आमच्याकडे याला कर्ज निर्लेखित करणं म्हणतात. तुम्ही म्हणालात, तुमची बँक ते लपून करते, मी नारळ फोडून करतो.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. तुम्ही जिवंत असताना सांगायला हवं होतं.

मळवलीच्या बाजूला एका शेठचं रिसॉर्ट होतं. त्याचा मोठा जनरेटर जळाला आणि क्रेनने तुमच्या दुकानामागच्या पत्र्याखाली येऊन पडला. तुम्ही आणि वैशालीने तीन आठवडे खपून त्याचा अल्टरनेटर नव्याने भरला. कामशेतात एवढं मोठं काम कुणी केलं नव्हतं; लोक बघायला यायचे. काम पुरं झालं आणि शेठ गायब झाला. फोन बंद, रिसॉर्टला कुलूप. त्याचं कर्ज आमच्या बँकेचं होतं आणि जनरेटर आमच्याकडे नजरगहाण. मार्चअखेर आली होती. मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, ते यंत्र एकतीस तारखेच्या आत आपल्या आवारात पाहिजे.

मी क्रेन घेऊनच आलो. नेहमीचा गुरुवार नव्हता, तेव्हाच तुम्हाला अंदाज आला असेल. तुम्ही पत्र्याखाली जनरेटरला टेकून उभे होता. मी सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, "सायब, ही काय गिरनी न्हाई. हिच्यावाचून कुनाचं अडत न्हाई. ही मी सोडली न्हाई तर?"

खरं उत्तर मला पाठ होतं. सोडू नका. हातात आहे तोवर तुमची बाजू पक्की आहे. बँकेला तुमच्याशी बोलावंच लागेल. हेच तर मी तुम्हाला इतके गुरुवार सांगत होतो.

मी म्हणालो, "भाऊ, पाटी ठेवा ना काढून. तुमच्या नेमाने हक्क राहतोच की. बिलाचं मी बघतो."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तुमची बाजू घेतली. आणि ती खोटी आहे हे त्या आवारात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ बघितलंत. मग तोंडभर हसलात. "वैशे, ऐकलं का? सायब हरलं आज." स्क्रूड्रायव्हर मागवलात, माझ्या डोळ्यांदेखत चार स्क्रू काढलेत आणि पाटी फडक्यात गुंडाळलीत. क्रेनवाल्याला साखळी कुठे लावायची तेही तुम्हीच दाखवलंत, कॉइलला धक्का लागू नये म्हणून.

मी बिलाचं बघितलं नाही असं नाही. मी टिपण लिहिलं, शिफारस केली. मॅनेजर म्हणाले, दुरुस्तीवाल्याने ताबा सोडला ना? मग त्याने शेठकडे मागावं, आपला काय संबंध? हे माझंच वाक्य होतं. मीच त्यांना कधीतरी त्याच टेबलावर शिकवलं होतं. मी "बरोबर आहे साहेब" म्हणून उठलो. जनरेटरच्या विक्रीआधी अहवाल लिहिला, त्यात अल्टरनेटरच्या पाटीपुढे लिहिलं, "आढळून आली नाही".

बिल मी माझ्या खिशातून देऊ शकलो असतो. एकदम नाही तर हप्त्याने. पगार चालू होता. पण दिलं असतं तर का देतोय हे सांगावं लागलं असतं, आणि तुमच्याइतका सरळ प्रश्न विचारणारा माणूस मला दुसरा माहीत नव्हता.

दोन गुरुवार मी आलोच नाही. तिसऱ्या गुरुवारी आलो तो तुमच्या भिंतीवर नजर फिरवतच. ओळीने सगळ्या पाट्या वाचल्या. ती नव्हती. पुढच्या गुरुवारीही नव्हती. खंडेनवमीलाही पूजेत दिसली नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की भाऊंना कळून चुकलं, त्यांनी ती भंगारात टाकली, विषय संपला. मला केवढं हलकं वाटलं होतं ते आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

त्याच सुमाराला तुम्ही मला स्टूल दिलंत. तोवर मी मिळेल त्यावर बसायचो, तुटक्या खुर्चीवर नाहीतर तारेच्या रिळावर. लाकडाचं, बुटकं, भक्कम स्टूल. दुसरं कुणी त्यावर टेकलं की तुम्ही म्हणायचा, उठा, ते सायबाचं हाय. एकदा एक पोलीस बसला होता, त्यालाही उठवलंत. मला काय अभिमान वाटायचा. बँकेत मला स्वतःची धड खुर्ची नव्हती; दर बदलीला नवी, तीही हात मोडलेली. फक्त खंडेनवमीच्या पुढच्या गुरुवारी त्या स्टुलावर बसलं की पँटच्या पायांना हळद लागायची. घरी बोलणी बसायची. मला वाटायचं, भाऊ स्टुलाचीही पूजा करतात, किती भाविक माणूस.

बिलाबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. फक्त एकदा, भजी खाता खाता विचारलंत, तो जनरेटर कुटं हाय आता? मी सांगितलं, पवनानगरच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाने घेतला.

"लोड घेतो का?"

"घेतो."

"गरम हुतो?"

"नाही म्हणाले."

"मग झालं," म्हणालात आणि शेवटचं भजं माझ्याकडे सरकवलंत.

त्या कार्यालयात मी एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत लाईट गेली. अर्ध्या मिनिटात मागून तुमचा जनरेटर धडधडला, दिवे आले, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि वाढपी पुढे सरकले. माझ्या ताटात जिलबी होती. मला जिलबी किती आवडते हे तुम्हाला माहीत आहे. ती मी तशीच ठेवली. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी तुम्ही तळेगावला दवाखान्यात होता तेव्हा मी ठरवून आलो होतो. वाटेत घोरावाडीपर्यंत वाक्यं जुळवली. तुम्ही पलंगावर पडून छताकडे बघत होता. मी म्हणालो, भाऊ, तो मळवलीचा जनरेटर.

तुम्ही बोट वर केलंत. "आदी ह्या फॅनचं बगा. बेरिंग गेलंय. रात्रंदिस कुरकुर, मानसं मरायची न्हाईत तर काय."

मी सिस्टरला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, लिहून द्या. मी लिहून दिलं. परत आलो तर तुम्ही डोळे मिटले होते. झोपला होता की मिटून घेतले होते, ते कळायला आता मार्ग नाही. तीन दिवसांनी वैशालीचा फोन आला.

तर, स्टूल.

वैशालीने ते टेबलावर उलटं केलं. खालच्या बाजूला, बरोबर मधोमध, अल्टरनेटरची पाटी. चार पितळी स्क्रूंनी बसवलेली, चिंचेने घासलेली, कडेला अकरा वर्षांची हळद साचलेली. मी तिच्यावर बसून तुम्हाला कायदा शिकवत होतो. पाटीला किंमत नाही, हे मी पाटीवर बसून सांगत होतो.

चिठ्ठीही होती, पायाला दोऱ्याने बांधलेली. सगळ्या चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकाचं नाव असतं. मला वाटलं, शेठचं असेल. तुमच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "सायब. तोंडी." बिलाचं मी बघतो, हे मी तोंडीच म्हणालो होतो.

वैशालीला हसू आवरत नव्हतं आणि तिचे डोळेही भरले होते. म्हणाली, दर खंडेनवमीला काका यायच्या आत आबा स्टूल उलटं करायचे, मला हळद लावायला लावायचे. दोन-तीन वर्षं तिने काही विचारलं नाही. मग विचारलं की भिंतीवर का लावत नाही.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, भिंतीवर लावली तर सायब बसायचा न्हाई."

 तिने पुढे सांगितलं. एका वर्षी ती म्हणाली होती, आबा, दर वर्षी एक सोडता, यंदा काकांची सोडा की. तर तुम्ही म्हणालात, सोडली असती, पण मागितल्याबिगर सोडत न्हाई. तेवढा नेम हाय.

तुम्हाला खोटं सांगत नाही, मी त्या तुटक्या खुर्चीवर बसलो आणि पहिला विचार आला तो कायद्याचाच. तीन वर्षं झाली की थकलेल्या पैशांचा दावा मुदतीबाहेर जातो, पण धरून ठेवलेली वस्तू मुदत उलटली तरी धरून ठेवता येते. मी हे मोठ्याने बोललो असणार, कारण वैशाली म्हणाली, "मग मागताय का?"

"मागतो," मी म्हणालो. "बिल काढ."

तिने जुन्या बिलांच्या गठ्ठ्यातून ते काढलं. तुमच्या हातचं. मी खालची रक्कम बघितली आणि व्याज किती धरायचं ते विचारलं. ती म्हणाली, "आबांनी पाटीवर व्याज कधी घेतलं न्हाई. पाटी काय वाढती का?"

मी रक्कम चुकती केली आणि तिला सगळं सांगितलं, भाऊ. त्या दिवशी पत्र्याखाली मी तुमची बाजू का घेतली ते. मला वाटलं ती स्टूल माझ्या अंगावर फेकेल. ती पाटीचे स्क्रू सोडवत होती, तिने हात थांबवला नाही. म्हणाली, आबांना त्याच दिवशी कळलं होतं. क्रेन गेल्यावर ते चहा पीत म्हणाले होते, इतकी वरसं भांडनारा मानूस आज एकदम व्हय म्हनला, म्हंजी नक्कीच खोटं बोलतोय.

"मग सोडला का जनरेटर?"

"मीबी तेच विचारलं. म्हणाले, त्याची नोकरी जाईल. आपलं काम कुटं जातंय?"

हे वाक्य मी घरी येऊन तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. इथेही खोडणार होतो. राहू दे.

पाटी हातात द्यायची नाही, जागेवर जाऊन लावायची, हा तुमचा नेम. तिने दुकान ओढून घेतलं आणि आम्ही तिच्या स्कूटीवरून पवनानगरच्या रस्त्याने निघालो. मी मागे, पाटी आणि नारळ मांडीवर. भातखाचरांत पाणी उभं होतं, भाताची लावणी उरकली होती, आणि खड्डा आला की वैशाली तुमच्याच आवाजात शिवी देत होती. माझं वय सत्तावन्न. इतका खूश मी शाळेच्या सहलीनंतर कधी झालो असेन असं वाटत नाही. तुम्ही गेल्याला पंधरवडा झाला होता आणि मी खूश होतो. हे तुम्हाला चालेल याची मला खात्री आहे.

कार्यालयाच्या मालकाला आधी काही समजेना. मी समजावलं की ही तुमच्या जनरेटरची पाटी, तेव्हा लावायची राहून गेली. कायद्याने बघितलं तर ती तेव्हापासून त्याचीच होती, पण ते मी बोललो नाही. तो म्हणाला, एवढ्यासाठी आलात? सर्व्हिसवाला दर वेळी त्या चार भोकांवरून बोलायचा, काय भानगड आहे विचारायचा. त्याने कव्हर उघडून दिलं.

वैशालीने तीन स्क्रू पिळले आणि चौथा माझ्या हातावर ठेवला. तो मी पाडला. मी जनरेटरखाली गुडघ्यांवर बसून धूळ चाचपत होतो आणि ती वरून म्हणाली, "आबा म्हणायचे, सायबाचा कायदा पक्का, हात कच्चा." स्क्रू सापडला. बसवला. दोनदा तिरका गेला, तिसऱ्यांदा बसला. मालकाने हौसेने जनरेटर चालू करून दाखवला. वैशालीने अल्टरनेटरवर तळहात टेकवला, जसा तुम्ही टेकवायचा, आणि मान हलवली. गरम होत नाही. लोड घेतो. नारळाचं खोबरं तिथल्या आचाऱ्याने आग्रहाने गुळासोबत दिलं. मी ते ताटलीत ठेवलं नाही.

आता राहिला आपला वाद. भाऊ, तुम्ही जिंकलात असं सगळे म्हणतील. वैशाली तर बाजारभर सांगत सुटली आहे. पण कायद्याच्या मुद्द्यावर मी आजही मागे हटत नाही. पाटी म्हणजे मोटर नव्हे. मी पैसे दिले ते पाटीमुळे नाहीत. कशामुळे दिले ते मला नीट मांडता येत नाही, आणि तुम्ही समोर असता तर बुटांचा दाखला देऊन मला गप्प केलं असतंत. म्हणून हा मुद्दा लेखी नोंदवून ठेवतो. उत्तर द्यायचं असेल तर या.

पुढच्या गुरुवारी मला एक विचित्र अडचण आली. मी आता निवृत्तच होत आलोय, पवनेकडची फेरी कधीच बंद झाली आहे. इतकी वर्षं मी कसला ना कसला बहाणा करून तुमच्याकडे यायचो, आणि आता तुम्ही नाही, माझं बिलही चुकतं झालेलं. वैशालीच्या दुकानात मी जाऊन बसायचं ते कशासाठी? कपाटावरचा टेबलफॅन उतरवला, पिशवीत घातला आणि निघालो.

तिने प्लग लावला. पंखा सुरू झाला, तिच्या टेबलावरचे कागद उडाले.

"ह्याला काय झालंय?"

"काही नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. पंखा बंद केला, उलटा केला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्याची छोटी पाटी काढायला लागली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, अगं, काम केल्याशिवाय हक्क लागत नाही. आधी मेहनत, मग ताबा. ही तर सरळ सरळ बेकायदेशीर अडवणूक आहे.

"मग जावा कोर्टात," वैशाली म्हणाली. "पन चहा सांगितलाय, तेवढा पिऊन जावा."

तिने स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं, त्याच्या खालच्या चार भोकांसकट, आणि मी बसलो.